एका बाटलीचा हिशेब

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. मात्र ज्या शास्त्रज्ञाचे नाव या संस्थेला मिळाले, त्याची खरी कसोटी लस शोधताना नव्हे, तर ती लाखो लोकांपर्यंत पोहोचवताना लागली.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कॉलऱ्याची लस तयार करून १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्रतिबंधक लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

किती जणांना लस टोचली, एवढ्यावर हाफकिन समाधानी नव्हते. लस घेतलेल्यांपैकी आणि न घेतलेल्यांपैकी किती जण आजारी पडले, किती दगावले, याची तुलना ते करीत. १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावात एकाच कुटुंबातील काहींना लस देऊन व काहींना न देता ही पडताळणी करण्यात आली. पुढच्याच वर्षी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

१९०२ मध्ये पंजाबमधून लशीची प्रचंड मागणी झाली. उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी कृतीत बदल झाला आणि लशीत कार्बोलिक ॲसिड मिसळणे थांबले. ३० ऑक्टोबर रोजी, सध्या पाकिस्तानात असलेल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस देण्यात आली. त्यातील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचण्यात आली होती. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले.

बाटली उघडण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही बाब चौकशीत नोंदली गेली होती. तरीही निर्णय फिरण्यास पाच वर्षे लागली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी जाहीर आवाज उठवल्यानंतर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, परंतु कोलकात्यात. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

प्रयोगशाळेतून निघालेली लस दंडात टोचली जाईपर्यंत तिच्या प्रवासातील प्रत्येक टप्प्याची नोंद का हवी, याचे उत्तर त्या एका बाटलीच्या हिशेबात आहे.