ओले एव्हिनरूड : होडीच्या यंत्राचे शिल्पकार

प्रवाहाविरुद्ध नाव हांकणें हें फार कष्टाचें काम आहे. हजारों वर्षें मनुष्य तें वल्ह्यांच्या व शिडांच्या साह्यानें करीत आला. लहान होडीच्या मागील बाजूस अडकवावें व काम संपतांच काढून घरीं न्यावें, असें भरंवशाचें यंत्र ज्यांनीं सामान्य माणसाच्या हातीं दिलें, त्या ओले एव्हिनरूड यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचण्याजोगें आहे. त्यांचें नांव आपल्या कानांस पाण्याशीं नातें सांगणारें वाटतें. परंतु मूळचें तें नॉर्वे देशांतील एक नांव आहे.

ओले यांचा जन्म 1877 च्या एप्रिल महिन्यांत नॉर्वेंत झाला. ते पांच वर्षांचे असतां त्यांचें कुटुंब अमेरिकेंत गेलें व विस्कॉन्सिन संस्थानांत, केंब्रिज गांवाजवळ, रिप्ली सरोवराच्या परिसरांत शेती करूं लागलें. ओले यांस शालेय शिक्षण फार थोडें मिळालें. लहानपणीं त्यांनीं स्वतःच्या हातांनीं एक शिडाची होडी बांधावयास घेतली. वडिलांनीं ती मोडून टाकिली, तेव्हां त्यांनीं ती गुप्तपणें पुन्हां बांधिली, अशी गोष्ट सांगतात. सोळाव्या वर्षीं ते मॅडिसन शहरीं गेले. पोटासाठीं कारखान्यांत राबावें व उरलेल्या वेळांत यंत्रशास्त्राचा अभ्यास आपला आपणच करावा, असा त्यांचा क्रम होता. पुढें पिट्सबर्ग, शिकागो व मिलवॉकी येथील कारखान्यांत काम करून ते ओतकामाचे सांचे घडविण्यांत निष्णात झाले. 1900 च्या सुमारास त्यांनीं भागीदारींत एंजिनें करण्याचा धंदा सुरू केला. परंतु तो टिकला नाहीं.

याच काळांत बेस कॅरी नांवाच्या तरुणीशीं त्यांचा परिचय झाला व 1906 सालीं विवाह झाला. बेसबाईंनीं व्यापारी शिक्षण घेतलें होतें. एकदां हीं दोघें मित्रमंडळींसह सरोवरावर सहलीस गेलीं असतां बेसबाईंस आइसक्रीम खाण्याची इच्छा झाली. ओले भर उन्हांत वल्हीं मारीत पैलतीरीं गेले. परंतु ते परत येईपर्यंत आइसक्रीमचें पाणी झालें होतें! होडीस एंजिन लावण्याचा विचार त्या दिवशीं त्यांच्या मनांत पक्का झाला, असें म्हणतात.

अशी कल्पना करणारे ते पहिलेच नव्हते. गुस्ताव्ह त्रूवे या फ्रेंच संशोधकानें 1881 सालींच पॅरिस येथें विजेच्या यंत्रानें होडी चालविली होती, आणि डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन यांचें पेट्रोलवर चालणारें यंत्रहि त्याच सुमारास बाजारांत येत होतें. एव्हिनरूड यांचें श्रेय यंत्राच्या रचनेंत आहे. त्यांनीं सिलिंडर आडवें ठेविलें, त्याचा दांडा उभा खालीं पाण्यांत नेला व तेथें दांतेरी चाकांच्या योगें गतीची दिशा वळवून पंखा फिरविला. ही रचना इतकी सोयीची ठरली कीं पुढील यंत्रें बहुधा याच धर्तीवर होऊं लागलीं. पहिलें यंत्र पाहून बेसबाईंस कॉफी दळण्याच्या जात्याची आठवण झाली! त्याचें वजन 62 पौंड होतें व शक्ति अवघी दीड अश्वशक्ति. 1909 सालीं अशीं 25 यंत्रें तयार झालीं व तीं हां हां म्हणतां खपलीं. जाहिरात व हिशेब बेसबाईंनीं सांभाळिला. परदेशांतूनहि, विशेषतः स्कँडिनेव्हियांतील कोळ्यांकडून, मागणी येऊं लागली.

धंदा भरभराटीस आला आणि त्याच भारानें बेसबाईंची प्रकृति ढांसळली. तेव्हां ओले यांनीं जो निर्णय घेतला तो त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठा म्हणावा लागेल. 1914 च्या सुमारास त्यांनीं कारखान्यांतील आपला वांटा भागीदारास विकला आणि पांच वर्षें या धंद्यांत न पडण्याचें कबूल केलें. कारखान्यावर नांव त्यांचें राहिलें. सत्ता मात्र राहिली नाहीं. पत्नीसह प्रवास करून त्यांनीं तिच्या आरोग्यासाठीं हा काळ घालविला.

परंतु संशोधकाचें मन स्वस्थ कोठून बसणार? त्यांनीं ॲल्युमिनियमचा भरपूर उपयोग करून दोन सिलिंडरांचें नवें यंत्र योजिलें. वजन सुमारें 48 पौंड, शक्ति सुमारें 3 अश्वशक्ति! जुन्या भागीदारानें तें नाकारिलें. तेव्हां 1921 सालीं पतिपत्नींनीं एल्टो नांवाची नवी कंपनी काढिली. आतां बाजारांत ओले यांचा सामना खुद्द स्वतःच्याच नांवाशीं होता. तरी हलक्या यंत्रानें तो जिंकिला. 1928 सालीं एल्टोचें चार सिलिंडरांचें, सुमारें 18 अश्वशक्तीचें यंत्र निघालें. 1929 सालीं दोन्ही कंपन्या व लॉकवुड ही तिसरी एकत्र होऊन ओले त्यांचे अध्यक्ष झाले. लवकरच जगावर मंदीचें संकट कोसळलें. 1933 सालीं बेसबाई निवर्तल्या व 1934 च्या जुलैंत, वयाच्या 57 व्या वर्षीं, ओले यांनींहि देह ठेविला. पुत्र राल्फ यांनीं धंदा पुढें चालविला. एव्हिनरूड नांवाचीं यंत्रें 2020 पर्यंत निघत होतीं.

येथें थोडा हिशेब करून पाहावा. पहिल्या यंत्रांत एका अश्वशक्तीमागें सुमारें 41 पौंड वजन पडत होतें. एल्टोंत तें 16 वर आलें. त्याच विस्कॉन्सिन संस्थानांतील मर्क्युरी कंपनीनें 2021 सालीं 12 सिलिंडरांचें, 600 अश्वशक्तीचें यंत्र बाहेर काढिलें. त्याचें वजन सुमारें 1,260 पौंड आहे, म्हणजे एका अश्वशक्तीमागें अवघे दोन पौंड. होडी वळवितांना त्याचा केवळ खालचा भाग वळतो, वरील एंजिन स्थिर राहतें. शक्ति वाढवावयाची तर भार कमी करावयास हवा, ही जी वाट ओले यांनीं धरिली तीच पुढें राजमार्ग झाली. आपल्या कोंकण किनाऱ्यावरील लहान होड्यांनाहि आज अशीं यंत्रें लाविलेलीं दिसतात.

विद्यार्थीमित्रहो, ईश्वरानें दिलेली बुद्धिरूपी ठेव पुरून न ठेवतां ती वाढविणाऱ्या सेवकांपैकीं ओले हे एक होते. तथापि पत्नीच्या जिवासाठीं तीच ठेव त्यांनीं पांच वर्षें बाजूस ठेविली, हेंहि विसरूं नये.