वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (१ जुलै १९१३ – १८ ऑगस्ट १९७९) हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ५ डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी पदाची सूत्रे स्वीकारली आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, ती त्यांच्याकडे राहिली. राज्याच्या इतिहासात एवढा दीर्घकाळ हे पद अन्य कोणी भूषविलेले नाही. संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठे, दुष्काळी कामे आणि कापूस एकाधिकार खरेदी या गोष्टी त्यांच्या नावाशी निगडित आहेत. मात्र मुंबईच्या विस्तारासाठी खाडीपलीकडील भातशेतीचे संपादनही त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले.

पूर्वायुष्य

नाईक यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली येथे एका बंजारा शेतकरी कुटुंबात झाला. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून ते दूरदूरच्या बाजारपेठांना आणि लष्करी छावण्यांना पुरविणे हा बंजाऱ्यांचा परंपरागत व्यवसाय होता. रेल्वे व पक्क्या सडकांमुळे तो बुडाला आणि वऱ्हाडातील अनेक तांडे शेतीकडे वळले. वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या खेड्यांत व माध्यमिक शिक्षण अमरावतीस झाले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते १९३८ मध्ये बी. ए. झाले व १९४० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. काही काळ अमरावतीस पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काम केल्यावर त्यांनी पुसद येथे वकिली सुरू केली. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला.

राजकीय वाटचाल

१९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आल्यानंतर त्यांना महसूल खात्याचे उपमंत्रिपद मिळाले. द्वैभाषिक मुंबई राज्यात त्यांनी सहकार व कृषी ही खाती सांभाळली आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ते महसूलमंत्री झाले. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा १९६१ चा कायदा याच काळातला. लोकशाही विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या समितीचेही ते अध्यक्ष होते. तिच्या अहवालानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर त्यांची मुख्यमंत्रिपदी निवड झाली. मुख्यमंत्र्यांच्या मुंबईतील निवासस्थानाचे ‘वर्षा’ हे नाव नाईक कुटुंबाच्या वास्तव्यापासूनचे आहे. कोरडवाहू मुलखातून आलेल्या माणसाला ते सुचावे, यात नवल नाही.

अन्नधान्याचा प्रश्न

नाईक मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्य धान्याच्या बाबतीत तुटीचे होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर निर्बंध होते, त्यामुळे व्यापारातून तूट भरून काढण्याचा मार्ग अरुंद होता. त्यातच बृहन्मुंबईची लोकसंख्या १९६१ मधील सुमारे ४१.५ लाखांवरून १९७१ मध्ये सुमारे ५९.७ लाखांवर गेली. शहरातल्या शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या धान्याचा मोठा भाग अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर विसंबून होता. महानगराचे पोट परदेशी जहाजांच्या भरवशावर आणि खेड्याचे पावसाच्या भरवशावर, अशी ही स्थिती होती.

१९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोरील सभेत नाईक यांनी दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास आपल्याला फाशी द्यावी, अशा आशयाची जाहीर प्रतिज्ञा केली. त्यामागे राजकीय धाडस होते, तसाच नव्या बियाण्यांवरचा विश्वासही होता. सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ मध्ये प्रसारित झाली होती. खत, संकरित बियाणे व विहिरींसाठी कर्ज यांचा प्रसार करण्यासाठी शासकीय यंत्रणा कामाला लागली. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली व परभणी (१९७२) येथील कृषी विद्यापीठांची उभारणी याच धोरणाचा भाग होती. ज्वारीचे उत्पन्न वाढले, परंतु संकरित ज्वारीची भाकरी आणि कडबा दोन्ही शेतकऱ्यांना गावरान वाणांच्या तोडीचे वाटत नव्हते. शिवाय १९७० पासून पावसाने पाठोपाठ दगा दिला. नुसत्या बियाण्याच्या बळावर कोरडवाहू शेतीतील वाढ टिकत नाही, हे त्या वर्षांत उघड झाले.

१९७२ चा दुष्काळ

१९७२-७३ च्या दुष्काळाची झळ मध्य महाराष्ट्र व मराठवाड्याला सर्वाधिक बसली. शासनाने खडी फोडणे, बांधबंदिस्ती, रस्ते व पाझर तलाव अशी कामे मोठ्या प्रमाणावर काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली. मजुरांना रोख मजुरी मिळे. आयात केलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामांवर वाटली जाणारी सुकडी त्या पिढीच्या स्मरणात राहिली. जनावरे मोठ्या संख्येने दगावली, तरी पूर्वीच्या दुष्काळांसारखे व्यापक भूकबळी टळले. हातात मजुरी असेल तरच बाजारातले धान्य घरात येते, हा या कामांचा गाभा होता. शेतीच्या उत्पादनावरील नाईक यांच्या सर्व घोषणांपेक्षा अन्नसुरक्षेला या कामांचा उपयोग अधिक झाला, असे म्हणता येईल.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच सुमारास राज्यभर पोहोचली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला, तेव्हा नाईक पदावर नव्हते. हा कर मुख्यत्वे शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांकडून वसूल होई. म्हणजे मुंबईच्या पगारातून खेड्यातील मजुरीची तरतूद झाली.

कापूस आणि पांढरकवडा

नाईक यांच्या स्वतःच्या जिल्ह्याचे मुख्य पीक धान्य नसून कापूस होते. जिल्ह्याच्या पूर्वेकडील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठिकाण नागपूर-हैदराबाद महामार्गावर असून परिसरातील काळ्या जमिनीत कापूस, तूर व ज्वारी पिकत असे. येथील शेतकऱ्याची भाकरी शेतातल्या ज्वारीइतकीच कापसाच्या भावावर अवलंबून होती. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली व पणन महासंघ राज्यातील एकमेव खरेदीदार बनला. खासगी व्यापाऱ्याची पकड सुटली, भावाची हमी मिळाली. पण चुकारे हप्त्यांनी होत, आणि राज्याबाहेर भाव चढे असले की सीमेपलीकडे कापूस जाई. ही योजना पुढे तोट्यात गेली. केळापूरसारख्या तालुक्यांत कालांतराने ज्वारीचा पेरा घटून कापूस व सोयाबीन वाढले आणि धान्यासाठी शेतकरीही रेशन दुकानावर अवलंबून राहू लागला.

नवी मुंबई

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे जुळे शहर वसविण्याची कल्पना मांडली होती. ती स्वीकारून मार्च १९७० मध्ये शासनाने सिडकोची स्थापना केली. त्यासाठी ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांचा परिसर निश्चित झाला. तेथील भातखाचरे, मिठागरे व खाडीवरील मासेमारी हा आगरी-कोळी समाजाचा आधार होता. मोबदल्याबाबतचा असंतोष दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. मुंबईचे घाऊक धान्य-भाजीबाजार आज याच संपादित जमिनीवर भरतात. शेतीचा कैवारी म्हणून नाईक यांचा गौरव करताना चरित्रकार हा भाग बहुधा एका ओळीत उरकतात, ते योग्य वाटत नाही.

अखेरची वर्षे

पक्षश्रेष्ठींच्या निर्णयानुसार नाईक यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये राजीनामा दिला व शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९७७ मध्ये ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये, नाईक यांच्या जन्मशताब्दी वर्षात, त्यांचे नाव देण्यात आले. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो.