मिरजेचे खाँसाहेब

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव ऐकले नाही असा संगीतप्रेमी महाराष्ट्रात सापडणे कठीण. पण त्यांचे गाणे जितके सर्वश्रुत आहे तितके त्यांचे दुसरे कार्य आपल्या मुलांना ठाऊक नाही. कलेला केवळ राजाचा आश्रय पुरत नाही, तिला समाजाचा आधार लागतो, हे त्यांनी ओळखले आणि तो आधार गावोगाव हिंडून उभा केला. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांचे चरित्र वाचावे ते मुख्यतः यासाठी.

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. या गावाच्या नावावरूनच त्यांच्या घराण्याला किराणा घराणे म्हणतात. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना लहानपणीच तालीम मिळाली. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे आणि सारंगी चालत आलेली होती. मूल बोलू लागण्याबरोबर सुरात बोलू लागावे, असे ते घर होते.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात आले. त्या काळी गवयाच्या आयुष्यातील ही मोठीच मजल होती. पगार ठरलेला, मान ठरलेला, श्रोतेही ठरलेले! तेथेच दरबाराशी संबंधित सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. या संबंधास विरोध झाला, तेव्हा दोघांनी बडोदे सोडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दांपत्य महाराष्ट्रात आले आणि पुढे मिरजेत स्थिरावले. दरबार सुटला, पगार गेला. आता पोट भरायचे तर सामान्य माणसापुढे गायला हवे होते.

मिरज हे गाव त्यांना जणू बोलावूनच घेत होते. तेथे हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसात पहिला गलेफ चर्मकार बांधवांच्या हातून चढतो आणि सर्व जातिधर्मांची माणसे तेथे माथा टेकतात. दुर्धर आजारातून आपण या दर्ग्याच्या कृपेने उठलो अशी खाँसाहेबांची श्रद्धा होती, असे मिरजेत परंपरेने सांगतात. दर्ग्यात ते मनोभावे गायन सेवा करीत. ज्या चिंचेखाली ते गात, ती जागा मिरजकर आजही आदराने दाखवितात.

मिरजेत आणखी एक संपत्ती होती, ती म्हणजे तंतुवाद्ये घडविणारे कारागीर. मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे सतार आणि तंबोरा घडविण्याची कला रुजविली. भोपळा निवडणे, तो वाळविणे, त्यावर लाकडी गळा आणि तबकडी बसविणे, आणि शेवटी घोडीवर जवारी लावणे, अशी ही महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यदुरुस्तीचे उत्तम ज्ञान होते. तंबोऱ्याच्या सुरात जरासा कसूर त्यांना खपत नसे. असा चोखंदळ गवई गावात असला म्हणजे कारागिराचा हात आपोआप सुधारतो. गवयाला कारागीर हवा, कारागिराला गवई हवा आणि दोघांनाही श्रोता हवा, अशी ही साखळी आहे. यातील एक कडी तुटली की बाकीच्या गळून पडतात.

1913 साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालयाची स्थापना केली. हे पाऊल किती धाडसाचे होते याची आज कल्पना येणार नाही. त्या काळी घराण्याची विद्या घरातच ठेवण्याची रीत होती. आपल्या मुलाला किंवा भाच्याला शिकवावे, परक्याला चार चिजा देऊन वाटेला लावावे, असा सर्वसाधारण खाक्या. खाँसाहेबांनी मात्र परगावच्या, परजातीच्या, परधर्माच्या मुलांना घरात घेतले. मुले तेथेच राहत, तेथेच जेवत आणि पहाटेपासून रियाझ करीत. शिष्याने अर्धवट शिकून निघून जाऊ नये, यासाठी काही वर्षे शिकण्याचा करार करून घेतला जाई. कुंदगोळच्या रामभाऊंनी, म्हणजे पुढील काळातील सवाई गंधर्वांनी, अशीच त्यांच्या पायाशी बसून विद्या मिळविली.

पण इतक्या मुलांच्या जेवणाचा खर्च चालायचा कसा? येथेच खाँसाहेबांची खरी दृष्टी दिसते. त्यांनी गावोगाव तिकिटे लावून जाहीर जलसे केले. जलशात ते स्वतः गात, शिष्यही गात आणि साथ करीत. दुकानदार, वकील, शिक्षक, कारकून अशी सामान्य मंडळी तिकीट काढून येत आणि त्या उत्पन्नावर विद्यालयाचा गाडा चाले. श्रोत्याच्या पैशातून विद्यार्थी घडत होता, आणि विद्यार्थ्याला श्रोत्यांपुढे गाण्याचे धैर्य येत होते. महाराष्ट्राच्या श्रोत्यांशी त्यांचे नाते इतके जुळले की उत्तरेतून आलेल्या या उस्तादांनी मराठी नाट्यपदेही गायली आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या.

म्हैसूरच्या दरबारातही त्यांना मोठा मान होता. तिकडे जाताना आणि येताना ते कर्नाटकात मुक्काम करीत, दाक्षिणात्य गायन लक्षपूर्वक ऐकत आणि त्यातील सरगम आपल्या गायकीत आणीत. किराणा घराणे धारवाड आणि हुबळीच्या मातीत रुजले ते या प्रवासांमुळे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी श्रुतींचे संशोधन केले, तेव्हा आपला गळा खाँसाहेबांनी त्या अभ्यासासाठी आनंदाने दिला. विद्या कोणाकडूनही घ्यावी आणि कोणालाही द्यावी, असा त्यांचा स्वभाव होता.

त्यांच्या जीवनात दुःख नव्हते असे नाही. 1922 च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि विद्यालयाची घडी विस्कटली. वर्षानुवर्षे उभे केलेले काम डोळ्यांदेखत मोडले. एका घराच्या खांद्यावर उभी असलेली संस्था घर मोडताच डळमळते, हा धडा प्रत्येक संस्थेने घेण्याजोगा आहे. पण पेरलेले बी वाया गेले नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या त्यांच्या अपत्यांनी गाण्यात नाव मिळविले. कुलीन स्त्रीने जाहीर मैफलीत गाऊ नये असे मानणाऱ्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून कार्यक्रम केले आणि स्त्रियांसाठी ती वाट प्रतिष्ठेची करून दिली.

ऑक्टोबर 1937 मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत छातीत कळ येऊ लागली म्हणून ते सिंगपेरुमाल कोईल या लहानशा स्थानकावर उतरले. तेथेच त्यांनी नमाज अदा केली, सूर लावून परवरदिगाराचे नामस्मरण केले आणि 27 ऑक्टोबर रोजी अखेरचा श्वास घेतला. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.

मिरजेने त्यांना विसरले नाही. उरुसाच्या वेळी दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. नामवंत कलाकार येथे सेवा म्हणून गातात, वाजवितात, आणि कोणीही येऊन जमिनीवर बसून ऐकावे. त्यांच्या शिष्याच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ 1953 साली पुण्यात सुरू झालेला महोत्सव तर देशभर गाजला. ज्या भीमसेन जोशींनी तो उभा केला, त्यांना बालपणी गाण्याचे वेड लागले तेही खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा सन्मान मिळाला खरा, पण तंबोरा वाजायचा तर वाजविणारा आणि ऐकणारा लागतोच.

पालकहो, आपले मूल गवई व्हावे असा आग्रह कोणी धरणार नाही. पण गावात जलसा असला तर मुलाचे बोट धरून तेथे जावे, तिकीट असेल तर ते काढावे, आणि शेजारच्या कारागिराच्या दुकानात क्षणभर थांबून त्याचे काम मुलाला दाखवावे. विद्यार्थी मित्रांनी एवढे ध्यानात ठेवावे की दरबार सोडून आलेल्या एका मुसलमान गवयाला महाराष्ट्रातील सामान्य माणसांनी आपले मानले आणि त्यानेही आपली सारी विद्या त्यांच्या मुलांच्या ओंजळीत टाकली. खाँसाहेबांची मजार मिरजेत आहे. जमेल तेव्हा तेथे जाऊन फातेहा पढावा, आणि सभा चालू असेल तर थोडा वेळ बसून गाणेही ऐकावे.