विश्लेषण : परदेश दौऱ्यावर असतानाच सत्ता गेली… क्वामे एन्क्रुमा आणि घानातील लष्करी उठावाचा हिशेब

२४ फेब्रुवारी १९६६. घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा चीनमध्ये पोहोचले. व्हिएतनाम युद्धावर काही तोडगा निघतो का हे पाहण्यासाठी ते हनोईला निघाले होते आणि चीन हा वाटेतला मुक्काम होता. तिथे त्यांना कळले, की पहाटे अक्रामध्ये लष्कर आणि पोलिसांनी मिळून सत्ता ताब्यात घेतली आहे. आफ्रिकेतील सर्वात चर्चित नेता काही तासांत देशाविना झाला. त्यानंतर ते जिवंतपणी कधीच घानात परतले नाहीत.

लष्करी उठावाची बातमी आली की आपण रणगाडे आणि नभोवाणीवरची घोषणा पाहतो. बंदरात उभ्या मालाचे काय होते, जुने कर्ज कोण फेडतो, दूतावास कोणाला ओळखतात, हे प्रश्न बातमीच्या तळाशी जातात. २०२३ मध्ये नायजरमध्ये उठाव झाला तेव्हा शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्या आणि नायजेरियाने वीज तोडली, म्हणून निदान तेवढी चर्चा झाली. घानाचे उदाहरण जुने आहे, पण या प्रश्नांची उत्तरे त्यात जवळजवळ पूर्ण मिळतात. त्यासाठी आधी एन्क्रुमा कोण होते ते पाहावे लागेल.

एन्क्रुमा कोण होते?

तेव्हाच्या ‘गोल्ड कोस्ट’ या ब्रिटिश वसाहतीच्या नैर्ऋत्य टोकाला एन्क्रोफुल नावाचे गाव आहे. १९०९ मध्ये तिथे त्यांचा जन्म झाला. वडील सोनार, आई छोटा व्यापार करणारी. क्वामे म्हणजे शनिवारी जन्मलेला. शिक्षकाची नोकरी करून १९३५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात शिकले. पैशांसाठी त्यांनी न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये मासे विकले, जहाजांवर भांडी घासली. १९४५ मध्ये ते लंडनला आले आणि त्याच वर्षी मँचेस्टरच्या पॅन-आफ्रिकन काँग्रेसच्या आयोजनात पुढे होते.

१९४७ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी वसाहत पेटली. दुसऱ्या महायुद्धात लढलेले माजी सैनिक थकीत मागण्यांसाठी गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाले होते. यातले अनेक जण ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेले. पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले तिघे ठार झाले आणि अक्रात दंगल उसळली. १९४९ मध्ये एन्क्रुमांनी स्वतःचा कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी हा पक्ष काढला. १९५० च्या जानेवारीत संप आणि बहिष्काराची मोहीम सुरू केली. तिच्यावर गांधीजींच्या सत्याग्रहाचा प्रभाव उघड होता. ते तुरुंगात गेले, तुरुंगातूनच १९५१ ची निवडणूक जिंकली आणि सुटून थेट सरकारच्या प्रमुखपदी बसले. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे युरोपीय सत्तेपासून मुक्त झालेली ही पहिली आफ्रिकी वसाहत मानली जाते.

भारताशी त्यांचे नाते जवळचे होते. १९५८ च्या अखेरीस ते भारत दौऱ्यावर आले. पुढे नेहरू, नासेर, टिटो, सुकार्नो यांच्याबरोबर अलिप्ततावादी चळवळीच्या पाच संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. घानाची परराष्ट्र गुप्तवार्ता यंत्रणा उभारायला भारताने ज्यांना पाठवले, ते अधिकारी होते रामेश्वरनाथ काव, म्हणजे पुढे ‘रॉ’चे पहिले प्रमुख झालेले काव.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९५८ मध्येच त्यांच्या सरकारने खटल्याविना स्थानबद्धतेचा कायदा केला. १९६४ मध्ये सार्वमत घेऊन एकपक्षीय राज्य आणले. एकेकाळी ज्यांच्या संघटनेसाठी ते मायदेशी आले, त्या जे. बी. डांक्वा यांचा १९६५ मध्ये त्यांच्याच तुरुंगात मृत्यू झाला. उठावाच्या दिवशी अक्राच्या रस्त्यांवर लोक नाचले आणि संसदेबाहेरचा एन्क्रुमांचा पुतळा पाडला गेला, त्यामागे हा राग होता. एन्क्रुमांना केवळ परकीय कटाचा बळी ठरवणाऱ्या लेखांत हा भाग सहसा गाळला जातो.

कोकोचा भाव आणि ईएमआय

स्वातंत्र्याच्या वेळी घाना गरीब नव्हता. जगातील सर्वात मोठा कोको उत्पादक आणि गाठीला सुमारे २० कोटी पौंडांची गंगाजळी. कोको विकत घेण्याचा हक्क सरकारी मंडळाकडे होता. मंडळ शेतकऱ्याला ठरलेला भाव देई, लंडनच्या बाजारात जादा भावाने विकी आणि मधला फरक सरकारच्या हाती राही. (आपल्याकडे पुढे कापूस एकाधिकार खरेदी आली, तिथेही खरेदीदार एकच होता. मात्र घानात मंडळाचा नफा हाच विकासाचा मुख्य निधी होता.)

या पैशांवर एन्क्रुमांनी शाळा, रस्ते, टेमाचे नवे बंदर, कारखाने उभे केले. पण १९५४ मध्ये टनाला साडेचारशे पौंडांच्या आसपास गेलेला कोको १९६५ मध्ये काही काळ शंभर पौंडांच्याही खाली आला. आणि हे घडले केव्हा, तर घानाने पाच लाख टनांहून अधिक असे विक्रमी पीक काढले तेव्हा. लासलगावच्या कांदा उत्पादकाला हे गणित समजावून सांगायची गरज नाही.

उत्पन्न आटले तरी प्रकल्प थांबले नाहीत. त्यासाठी वापरले गेले ‘सप्लायर्स क्रेडिट’, म्हणजे यंत्रे विकणाऱ्या कंपनीनेच दिलेली उधारी. महागडा फोन ईएमआयवर घेतला की दुकानदार किंमत कमी करत नाही, उलट थोडी चढवूनच लावतो. तसेच इथे झाले. कारखाना वीस वर्षांनी नफ्यात येणार आणि हप्ते पाच-सहा वर्षांत संपवायचे. त्यात लाचखोरी. १९६५ संपता संपता गंगाजळी जवळपास रिकामी झाली होती.

त्याच सुमारास एन्क्रुमांनी नववसाहतवादावर पुस्तक लिहून अमेरिकेवर थेट टीका केली. अमेरिकेने निषेध नोंदवला आणि घानाची धान्यमदतीची मागणी फेटाळली. डिसेंबर १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या प्रश्नावर घानाने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. म्हणजे ज्यांच्याकडून उधारीला मुदतवाढ हवी होती, त्यांच्याशीच एकाच वेळी भांडण.

उठावानंतर कोण कोणाच्या बाजूने गेले?

उठावाचे नेतृत्व कर्नल कोटोका आणि मेजर अफ्रिफा यांनी पोलीस प्रमुख हार्ली यांच्या साथीने केले. निवृत्त जनरल अंक्रा यांना नॅशनल लिबरेशन कौन्सिलचे अध्यक्ष करण्यात आले. अमेरिकेला कटाची आधीपासून कल्पना होती आणि निकालाने तिथले अधिकारी खूश झाले, हे खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांतून दिसते. उठाव ‘सीआयए’नेच घडवला का, यावर मात्र इतिहासकारांत आजही वाद आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातच ब्रिटन आणि अमेरिकेने नव्या राजवटीला मान्यता दिली. ब्रिटनशी तुटलेले संबंध जुळले. फेटाळलेली धान्यमदत सुरू झाली. सोव्हिएत आणि चिनी तज्ज्ञांची शेकड्यांनी रवानगी झाली. चीनबरोबरचे संबंध त्याच वर्षी स्थगित झाले, ते १९७२ मध्येच पुन्हा सुरू झाले. सोव्हिएत संघाशी संबंध तुटले नाहीत, कारण तो कोकोचा मोठा गिऱ्हाईक होता आणि चॉकलेटच्या कच्च्या मालाला राजकारण कळत नाही.

आफ्रिकेत मात्र फूट पडली. आफ्रिकन एकता संघटनेच्या आदिस अबाबातील बैठकीत घानाच्या खुर्चीवर नव्या राजवटीचे प्रतिनिधी बसले, तेव्हा गिनी, माली, इजिप्त, टांझानिया यांनी बैठक सोडली.

यातला सर्वात नाट्यमय भाग गिनीचा आहे. १९५८ मध्ये गिनीने फ्रान्सला नकार देऊन स्वातंत्र्य घेतले आणि संतापलेला फ्रान्स हात झटकून निघून गेला. तेव्हा एन्क्रुमांनी त्या देशाला १ कोटी पौंडांचे कर्ज देऊ केले होते. आठ वर्षांनी अध्यक्ष सेकू तुरे यांनी त्याची परतफेड केली. एन्क्रुमांना राजधानी कोनाक्रीत आसरा दिला आणि चक्क सहअध्यक्ष घोषित केले.

ऑक्टोबर १९६६ मध्ये गिनीचे परराष्ट्रमंत्री आदिस अबाबाला निघाले होते. त्यांचे ‘पॅन अॅम’ कंपनीचे विमान अक्राला थांबले. घानाच्या लष्कराने मंत्र्यांसह सगळे शिष्टमंडळ उतरवून ताब्यात घेतले. एन्क्रुमांबरोबर गिनीत असलेल्या घानावासीयांना परत करा, अशी त्यांची अट होती. विमान अमेरिकी कंपनीचे, म्हणून गिनीने कोनाक्रीतील अमेरिकी राजदूतांनाच घरात नजरकैद केले! आफ्रिकी नेत्यांनी मध्यस्थी केल्यावर काही दिवसांनी सगळे सुटले. दोन शेजारी नसलेल्या गरीब देशांच्या भांडणात एक महासत्ता नाहक सापडली होती.

कर्ज माफ झाले का?

नाही. इथेच उठाव करणाऱ्यांचा अंदाज चुकला. सरकार बदलले, पण सहीवर शिक्का घाना या देशाचा होता. आंतरराष्ट्रीय व्यवहारात नवी राजवट जुन्या राजवटीची देणी आपोआप अंगावर घेते. ती नाकारली, तर पुढची उधारी बंद होते आणि बंदरात येणारे सुटे भाग थांबतात.

लष्करी सरकारने मे १९६६ मध्येच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. डिसेंबरमध्ये पाश्चात्त्य देणेकरी लंडनमध्ये भेटले. हप्ते पुढे ढकलले गेले, पण पुढे ढकललेल्या रकमेवर व्याजही लागले. १९६८ आणि १९७० मध्ये पुन्हा तेच. मैत्रीपूर्ण सरकार आले म्हणून ब्रिटनने धान्य, शुभेच्छा, सल्लागार दिले, हिशेबाच्या वहीतून रक्कम कमी केली नाही.

देशात त्याची किंमत सामान्यांनी मोजली. सरकारी उद्योगांतून हजारो कामगार काढले गेले. जुलै १९६७ मध्ये घानाच्या ‘सेडी’ या चलनाचे सुमारे ३० टक्के अवमूल्यन झाले. नोटांवरचे एन्क्रुमांचे चित्र त्याआधीच गेले होते. सरकारी औषध कारखान्यात एका अमेरिकी कंपनीला मोठा वाटा देण्याचा करार लोकांच्या संतापामुळे बारगळला.

एक करार मात्र जसाच्या तसा राहिला. व्होल्टा नदीवरच्या अकोसोम्बो धरणाचे उद्घाटन एन्क्रुमांनी उठावाच्या जेमतेम महिनाभर आधी, २२ जानेवारी १९६६ रोजी केले होते. जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटनच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या या धरणाने सुमारे ८० हजार लोक विस्थापित केले. पहिल्या टप्प्याची क्षमता ५८८ मेगावॅट. मुख्य ग्राहक टेमाचा अॅल्युमिनियम कारखाना. एक किलो अॅल्युमिनियमला साधारण १५ युनिट वीज लागते, त्यामुळे या धंद्यात विजेचा दर हाच खरा नफा. अमेरिकेच्या कैसर कंपनीने तो अतिशय कमी दरात दीर्घ मुदतीसाठी बांधून घेतला होता. (हीच कंपनी भारतात रेणुकूटच्या अॅल्युमिनियम कारखान्यात बिर्लांची भागीदार होती.) घानात बॉक्साइट असूनही कारखान्यासाठी अॅल्युमिना परदेशातून यायचे. एन्क्रुमांनी नाइलाजाने मान्य केलेल्या अटींवर १९६७ मध्ये लष्करी राजवटीत कारखाना सुरू झाला.

पुढे काय झाले?

एप्रिल १९६७ मध्ये एका फसलेल्या प्रतिउठावात कोटोका मारले गेले. पैसे घेतल्याच्या प्रकरणात १९६९ मध्ये अंक्रा पायउतार झाले. त्याच वर्षी निवडणुकीतून बुसिया पंतप्रधान झाले. कमी पिकामुळे कोकोचा भाव चढला होता, तो पुन्हा उतरला. डिसेंबर १९७१ मध्ये बुसियांनी सेडीचे मोठे अवमूल्यन केले आणि तीन आठवड्यांत, १३ जानेवारी १९७२ रोजी, कर्नल अचेम्पाँग यांनी त्यांना हटवले.

अचेम्पाँग यांनी वेगळा रस्ता धरला. लाच देऊन झालेल्या करारांची उधारी देणार नाही, बाकीचीही घानाला झेपेल त्या अटींवरच देऊ, असे त्यांनी जाहीर केले. पाश्चात्त्य देशांनी नवी उधारी रोखली आणि आयातदारांना रोख मोजावी लागली. पण १९७४ मध्ये रोममध्ये झालेल्या समझोत्यात घानाला दीर्घ मुदत आणि कमी व्याज मिळाले. सहा वर्षे शहाण्या मुलासारखे हप्ते मागून जे मिळाले नव्हते, ते हात वर केल्यावर मिळाले. अर्थात पुढच्या काही वर्षांत त्याच राजवटीने देश महागाईत बुडवला, हेही सांगायला हवे. कोकोतला पहिला क्रमांक सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या आयव्हरी कोस्टकडे गेला. १९७९ मध्ये आणखी एका उठावानंतर अचेम्पाँग आणि अफ्रिफा या दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या.

रोमचा समझोता एन्क्रुमांनी पाहिला नाही. २७ एप्रिल १९७२ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये उपचार घेताना कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. पार्थिव आधी गिनीत नेले गेले आणि जुलैमध्ये घानाला परत मिळाले. एन्क्रोफुलला दफन झाले आणि वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, अक्रातील ज्या पोलो मैदानावर त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली होती, तिथल्या स्मारकात त्यांना पुन्हा दफन करण्यात आले. उठावात पाडलेला पुतळाही त्याच आवारात ठेवला आहे, धड एका चौथऱ्यावर आणि नंतर सापडलेले डोके शेजारी. अक्राच्या विमानतळाला मात्र त्या पहाटे सत्ता घेणाऱ्या कोटोकांचे नाव देण्यात आले होते.