पक्ष्यांचे उड्डाण मोजणारे मारे

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. जवळच मिरजोळे येथील धावपट्टीवरून विमाने आकाशात झेपावतात. विमानाचे पंख स्थिर असतात. पक्ष्याचे पंख मात्र इतक्या वेगाने हलतात की, डोळ्यांना त्यांची गती टिपता येत नाही. ही गती मोजण्याचा ध्यास एत्येन ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घेतला.

मारे यांचा जन्म १८३० साली फ्रान्समधील बोन या गावी झाला. पॅरिसमध्ये ते वैद्यक शिकले. नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर रेखाटणारे यंत्र त्यांनी तयार केले. पुढे पक्ष्यांच्या अंगावर अशीच यंत्रे बांधून त्यांनी उड्डाणाचा अभ्यास केला. परंतु यंत्राचे ओझे वाहणारा पक्षी मोकळ्या पक्ष्याप्रमाणे उडेल काय, ही शंका उरलीच.

१८७८ साली अमेरिकेत मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. मारे यांना ती फार आवडली. तथापि त्यांतील उणीवही त्यांनी ओळखली. कॅमेऱ्यांचे दोरे घोड्याच्याच धक्क्याने ओढले जात. त्यामुळे दोन चित्रांमधील काळ सारखा असेलच, अशी खात्री नव्हती.

१८८२ साली मारे यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला. तो उडत्या पक्ष्यावर रोखला की, एका सेकंदात १२ चित्रे समान अंतराने उमटत. पण ती चित्रे फार लहान व अस्पष्ट होती. स्वतःच्या शोधाचीही त्यांनी तितकीच कठोर परीक्षा केली आणि ते पुढील प्रयत्नास लागले.

पॅरिसजवळ त्यांनी प्रयोगशाळा उभारली. तेथे काळ्या पडद्यासमोरून पांढरा पक्षी उडवीत व एकाच काचेवर त्याची अनेक चित्रे घेत. काळ कळावा म्हणून चित्रातच फिरत्या काट्याची तबकडी असे. लांबी कळावी म्हणून मोजपट्टी असे. एका बाजूने घेतलेल्या चित्रावरून पक्षी आपल्याकडे येतो की दूर जातो, हे समजत नाही. म्हणून वरून, समोरून व बाजूनेही चित्रे घेतली गेली. पंख खाली येताना मागे न जाता पुढे सरकतो, हे त्यांतून स्पष्ट झाले.

१९०४ साली मारे यांचे निधन झाले. केवळ चित्र म्हणजे पुरावा नव्हे. काळ, लांबी आणि दिशा यांची जोड मिळाली, तरच चित्रावरून माप घेता येते, हा धडा त्यांनी आपल्या कार्याने घालून दिला.