अभय आणि मार्दव: घरातले शंभूराजे



आजचं वाचन: गीता, अध्याय सोळावा, श्लोक एक ते तीन. भगवंत इथे दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगतात. पहिला मान अभयाला. थोडं पुढे गेलं की त्याच यादीत दया येते, मार्दव येतं. निर्भय माणूस हळवाही असतो? मला हे नुसतं वाचून पटत नव्हतं. पटलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका आयुष्याकडे बघून. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ज्यांची समाधी आहे, ते छत्रपती संभाजी महाराज.

रणांगणावरचे शंभूराजे आपल्याला पाठ आहेत. आज मला घरातले आठवायचे आहेत.

जन्म १४ मे १६५७, पुरंदरावर. दोन वर्षांचे होते तेव्हा आई सईबाई गेल्या. कापूरहोळच्या धाराऊंनी दूध पाजलं, जिजाऊंनी वाढवलं. नवव्या वर्षी वडिलांबरोबर आग्रा. सुटकेनंतर महाराज पुढे निघाले आणि या लेकराला मथुरेत परक्या घरी राहावं लागलं. घर म्हणजे काय, हे ज्याला इतक्या लहानपणी शोधावं लागलं, त्याला घराची किंमत वेगळी कळत असणार असं मला वाटतं.

हे घर सरळ नव्हतं. दरबारात कुरबुरी होत्या, आणि १६७८ च्या डिसेंबरात राजे रुसून दिलेरखानाकडे गेले. हा भाग अनेक जण गाळतात. मी गाळत नाही, कारण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे: ते परत आले. वर्षभरात पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली. चुकलेल्या वाटेवरून मागे फिरायलाही अभयच लागतं, नाही का?

१६ जानेवारी १६८१ ला राज्याभिषेक झाला. विरोधात गेलेल्या मंत्र्यांना त्यांनी आधी माफ केलं. पुन्हा कट झाला तेव्हा मात्र शिक्षा कठोर झाली. पुढची आठ वर्षं मोगल, सिद्दी, पोर्तुगीज, एकामागून एक आघाडी. घरी बसायला फुरसत कुठली! पण या धामधुमीत त्यांनी शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक, आपली पत्नी येसूबाई हिच्यावर केवढा विश्वास टाकला बघा. राजे मोहिमेवर असताना कारभार त्या बघत. त्यांच्या नावाचा स्वतंत्र शिक्का होता, आणि त्यात त्यांचा उल्लेख राज्ञीबरोबर सखी असाही आहे. सतराव्या शतकातला राजा बायकोला सखी मानतो! मार्दव, मार्दव म्हणतात ते हेच. १६८२ च्या मे महिन्यात माणगावजवळ गांगवलीला शाहूंचा जन्म झाला.

१६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला घात झाला. राजे आणि कवी कलश पकडले गेले. त्यांना बहादूरगडावर, म्हणजे आजच्या पेडगावला नेलं. भीमेच्या अलीकडे आपला दौंड तालुका, पलीकडे पेडगाव. तिथे बादशहाच्या छावणीत त्यांची धिंड काढली. पुढे छावणी भीमेच्या काठाने कोरेगाव-तुळापूरकडे सरकली. डोळे गेले, पण मान झुकली नाही. ११ मार्च १६८९ ला त्यांची हत्या झाली. वय एकतीस. रायगडावर शाहू जेमतेम पावणेसात वर्षांचे होते.

आता मला सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट. गादीवर स्वतःच्या मुलाचा हक्क असताना येसूबाईंनी धाकटे दीर राजाराम महाराज यांना पुढे केलं आणि गडाबाहेर सुखरूप काढून दिलं. स्वतः मुलाला घेऊन मागे राहिल्या. त्याच वर्षी रायगड पडला आणि मायलेक कैदेत गेले. शाहू सुटले १७०७ मध्ये, येसूबाई स्वराज्यात परतल्या १७१९ मध्ये. जवळजवळ तीस वर्षं! राजांचं अभय त्यांच्याबरोबर संपलं नाही, ते घरात उरलं.

आषाढीत तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडवरून जाते. आपल्यापैकी कितीतरी जण पुण्याहून तिच्यात दोन दिवस चालतात. यंदा जमलं तर एखाद्या रविवारी वढूलाही जाऊन या. नुसता जयघोष करून आणि फोटो काढून परतू नका. समाधीपुढे पाच मिनिटं गप्प बसा.

आजचा अभ्यास छोटा आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते ती एक गोष्ट आज करा. आणि घरातल्या ज्या माणसावर आपण सहज ओरडतो, त्याच्याशी आज मऊ बोला. दोन्ही एकाच दिवशी. यादी एकच आहे, तिच्यातलं अर्धं निवडायची मुभा भगवंतांनी दिलेली नाही.

जय हरी!