विश्लेषण : डॉक्टर असूनही अमेरिकेत रात्रपाळीचे वॉर्डबॉय! कोण होते डॉ. सुब्बाराव?

गरोदर महिलांना दिली जाणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, हत्तीरोग मोहिमेत पूर्व विदर्भात घरोघरी वाटली जाणारी ‘डीईसी’ आणि संधिवात व कर्करोगावरील मेथोट्रेक्सेट. या तिन्ही औषधांच्या इतिहासात डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे नाव येते. मात्र हा डॉक्टर अमेरिकेत पोहोचला तेव्हा त्याला डॉक्टरचे काम मिळाले नाही.

भारतात काय घडले?

सुब्बाराव यांचा जन्म १८९५ मध्ये आंध्रातील भीमावरम येथे झाला. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिकताना महात्मा गांधींच्या प्रभावाने त्यांनी शस्त्रक्रियेचा खादीचा डगला घातला. ब्रिटिश प्राध्यापक नाराज झाले आणि एमबीबीएसऐवजी त्यांच्या हाती कनिष्ठ दर्जाची ‘एलएमएस’ पदवी पडली. मद्रासच्या सरकारी वैद्यकीय सेवेतही प्रवेश मिळाला नाही. आयुर्वेद महाविद्यालयात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले. सासऱ्यांनी उभे केलेले पैसे आणि काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेची मदत, यावर ते २६ ऑक्टोबर १९२३ रोजी बोस्टनला उतरले. पत्नीला त्यांनी तीन वर्षांत परत येतो, असे सांगितले होते.

पदवी होती, मग काम का नाही?

हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती नाही. मद्रासच्या पदवीवर तेथे डॉक्टर म्हणून काम करता येत नव्हते. (आजही भारतीय डॉक्टरांना अमेरिकेत केवळ भारतीय पदवीवर स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येत नाहीत.) त्यामुळे बोस्टनमधील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांनी रात्रपाळी धरली. काम होते रुग्णांची मलमूत्राची भांडी धुण्याचे. दिवसा वर्ग, रात्री वॉर्ड.

काळही वाईट होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय हे कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वास पात्र नाहीत, असा निकाल दिला होता. म्हणजे कितीही वर्षे राहिले तरी सुब्बाराव परकेच राहणार, हे ते बोटीतून उतरण्यापूर्वीच ठरले होते.

हार्वर्ड का सोडले?

पुढे सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी रक्त व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही फिस्क-सुब्बाराव पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. त्यानंतर स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी या रेणूंवरचे मूलभूत काम झाले. १९३० मध्ये पीएचडी मिळाली. एवढे असूनही हार्वर्डने त्यांना कायम पद दिले नाही. संशोधनाचे श्रेयही बरेचसे फिस्क यांच्या नावावर गेले. यात सुब्बाराव यांचा अबोल, प्रसिद्धीपासून दूर राहणारा स्वभावही आड आला असावा, पण सगळा दोष स्वभावावर टाकणे बरोबर नाही.

शेवटी १९४० मध्ये खासगी कंपनीने दार उघडले. न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत ते दाखल झाले आणि पुढे संशोधन संचालक झाले. त्याच वर्षी आलेल्या कायद्यानुसार देशातील प्रत्येक परदेशी व्यक्तीला बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी लागत होती. लेडर्लेतील अवघ्या आठ वर्षांत त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार झाले, हत्तीरोगावरील हेट्राझान म्हणजे आजची डीईसी आली, मेथोट्रेक्सेट आले आणि ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातील पहिले प्रतिजैविकही आले.

नागरिकत्व मिळाले का?

भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा करणारा कायदा १९४६ मध्ये झाला. सुब्बाराव मात्र अखेरपर्यंत अमेरिकी नागरिक झाले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पत्नीला दिलेल्या तीन वर्षांच्या वायद्याला तेव्हा जवळपास २५ वर्षे झाली होती. दोघांची पुन्हा भेट झाली नाही.